शटरमागची खोली

विदर्भातला उन्हाळा ही एक परीक्षाच असते. सिलॅबस सगळ्यांना पाठ, तारखाही ठरलेल्या, तरी मे महिना उजाडला की जो तो तयारी न झाल्यासारखा धावत सुटतो. कूलरच्या ताट्या बदला, पंपाला वंगण द्या, खिडक्यांना ग्रीन नेट बांधा! आमच्या अकोल्याच्या घरी या धावपळीत दोन वर्षांपासून एका प्रश्नाची भर पडली होती. गॅरेजच्या शटरला इन्सुलेशन करायचं की नाही?

मित्रांनो, हसू नका. आमच्या गॅरेजमध्ये गाडी नाही. घर बांधताना बाबांनी मोठ्या हौसेने गॅरेज काढलं, पण गाडी यायची राहूनच गेली. आता तिथे माझी आजी राहते. वय वर्षे ब्याऐंशी. गुडघ्यांमुळे जिना चढणं बंद झालं, आणि खाली संडास-बाथरूमला लागून असलेली जागा तेवढीच. तीन बाजूंना विटांच्या भिंती, वर स्लॅब, स्लॅबवर आमचा हॉल. चौथ्या बाजूला आठ बाय सात फुटांचं लोखंडी रोलिंग शटर, रंग गडद निळा आणि तोंड बरोब्बर पश्चिमेला.

दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन त्या शटरवर. छज्जा आहे, पण मावळतीकडचं ऊन तिरपं खालून येतं, त्याला छज्जा अडवत नाही. आजीची खाट शटरपासून दोन हातांवर. कूलर चालू असूनही ती चार वाजता म्हणायची, "अंगावर चूल पेटवल्यावानी वाटते रे." म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, घामही कमी येतो. त्यामुळे उष्माघात कधी गाठेल याचा नेम नसतो. घरात सगळ्यांना धास्ती होती ती हीच.

एका फॅब्रिकेटरने उपाय सांगितला. शटरला आतून एक इंचाचा थर्माकोल, त्यावर प्लायचं आवरण, एकूण खर्च चौदा हजार. काका म्हणाले, "करून टाका." बाबा म्हणाले, "पैसे वसूल होतील का?" आणि घरात इंजिनिअर होऊ घातलेला एकच प्राणी असल्याने सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. हीट ट्रान्सफरचा पेपर नुकताच झाला होता, पळून जायला जागा नव्हती.

मग वही काढली. शटरचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, त्याचा स्वतःचा रोध जवळपास शून्य. जो काही अडथळा आहे तो आतल्या-बाहेरच्या हवेच्या पातळ थराचा. त्यावरून यू-व्हॅल्यू निघते ५.७ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश. तुलनेसाठी सांगतो, २०१८ साली आलेल्या इको निवास संहितेत घराच्या छताची यू-व्हॅल्यू जास्तीत जास्त १.२ असावी असं म्हटलं आहे. आमचं शटर त्याच्या पावणेपाच पट!

बाहेर ४४ अंश, पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर उन्हाचा मारा ६०० वॅट प्रति चौरस मीटर आणि गडद रंग त्यातला नव्वद टक्के शोषतो असं धरलं, तर शटरला बाहेरची हवा ७१ अंश असल्यासारखी भासते. खोली कूलरने ३६ वर ठेवली तरी शटरमधून आत येणारी उष्णता हजार वॅटच्या वर जाते. म्हणजे इस्त्री चालू करून आजीच्या उशाशी ठेवल्यासारखंच झालं. पत्र्याची आतली बाजू ६१ अंशांवर जाते. आजीची 'चूल' ती हीच. कूलर हवा थंड करतो, पण तापलेल्या पत्र्याचं रेडिएशन हवेला न विचारता थेट अंगावर येतं.

एक इंच थर्माकोल लावला तर हे हजार वॅट दोनशेवर येतात. वा! काकांचा मुद्दा बरोबर म्हणायचा. पण बाबांचा प्रश्न उरतोच. खोलीत एसी असता तर? दिवसाला साधारण अडीच युनिट उष्णता कमी आत आली असती, एसीला त्यासाठी पाऊण-एक युनिट वीज कमी लागली असती. युनिटला दहा रुपये आणि उन्हाळा शंभर दिवसांचा धरला तर वर्षाला आठशे रुपये. चौदा हजार वसूल व्हायला सतरा-अठरा वर्षं! आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "तवापर्यंत कोनं पाह्यलं रे बाप्पा!" आणि आमच्याकडे तर एसीही नाही, कूलर आहे. कूलरच्या बिलात इन्सुलेशनमुळे एक रुपयाचाही फरक पडत नाही.

इथे मी थोडा वेळ थांबलो. बिलाच्या हिशेबाने उत्तर 'नाही' येतं. पण आम्हाला वाचवायचं होतं ते बिल नव्हतं. पेबॅक पीरियडच्या सूत्रात आजीला बसवायला रकानाच नाही. तेव्हा प्रश्न बदलून घेतला. चार वाजता आजीच्या बाजूचा पत्रा किती तापतो, आणि तो कमी तापवायला सगळ्यात स्वस्त उपाय कोणता?

अमेरिकेत अ‍ॅरिझोनासारख्या तापट भागात गॅरेजच्या दारांना फोम बसवण्याची पद्धत आहे. पण तिथली दारं मोठ्या सपाट फळ्यांची असतात. ती रुळांवरून वर सरकतात, त्यामुळे फळीच्या खाचेत फोम आरामात बसतो. आपलं शटर म्हणजे अरुंद पट्ट्यांची चटई, ती वरच्या पाइपवर गुंडाळली जाते. त्याला थर्माकोल चिकटवला तर ते गुंडाळणार कसं? शिवाय त्याची स्प्रिंग पत्र्याच्या वजनाला जुळवलेली असते, वजन वाढलं की उचलणं जड. म्हणजे इन्सुलेशन करायचं तर शटर कायमचं बंद, आणि कूलरच्या हवेला बाहेर पडायला वाट नाही. कूलरची ओली हवा कोंडली की उन्हाळ्यात जुलै! त्यात थर्माकोल ऐंशी अंशांच्या पुढे मऊ पडतो आणि पेटला तर काळा धूर करतो. ज्या खोलीत चालता न येणारं माणूस आहे तिथे हे नको वाटलं.

उपाय मिळाला तो आजोबांच्या काळातला. ऊन पत्र्यावर पडल्यावर आत अडवण्यापेक्षा ते पत्र्यावर पडूच द्यायचं नाही. शटरच्या बाहेर फूटभर अंतरावर बांबूची चौकट उभारली, तिला गुंडाळता येणारी तट्टी बांधली. मधल्या फटीतून हवा वर निघून जाते. शटरला पांढरा ऑइल पेंट मारला. खाट पूर्वेच्या भिंतीला नेली. शटर खालून वीतभर उचलून ठेवलं, म्हणजे कूलरची हवा खेळती राहते. खर्च सगळा मिळून दोन हजारांच्या आत. नुसत्या सावलीनेच हिशेबात हजार वॅटचे तीनशेवर येतात. लॅबमधल्या सरांची परवानगी घेऊन इन्फ्रारेड थर्मामीटर घरी नेला होता. चार वाजता पत्रा आतून ४४ अंश दाखवत होता. संध्याकाळी तट्टी वर गुंडाळली की उघडं लोखंड तासाभरात थंड होतं. जाड इन्सुलेशनने भिंतींत साठलेली उष्णता रात्री आतच अडकली असती.

म्हणजे इन्सुलेशन वाईट का? मुळीच नाही. खोलीत एसी दिवसरात्र चालत असेल, दार सपाट असेल, सावलीला बाहेर जागा नसेल, तर ते जरूर करावं. पण त्याआधी ऊन नेमकं कुठून घरात शिरतं ते शोधावं. टिनाच्या शेडमध्ये ते छतातून येतं, तिथे शटरवर पैसे घालणं म्हणजे छत्री सोडून बुटांना पॉलिश करणं! होस्टेलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या मित्रांनो, तुमचा शत्रू स्लॅब आहे. २०१० च्या उष्णतेच्या लाटेत होरपळलेल्या अहमदाबादने २०१३ मध्ये हीट अ‍ॅक्शन प्लॅन आणला, आणि पुढे तिथे गरीब वस्त्यांची छतं पांढरी करण्याचं कामही हाती घेतलं. चुन्याची बादली आणि चार ब्रश हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

पुस्तकात प्रश्नाच्या शेवटी विचारतात, 'हीट लॉस काढा.' घरी प्रश्न असा छापून येत नाही. तिथे आधी कोणासाठी काढायचा हे ठरवावं लागतं. ते ठरलं की सूत्रं आपोआप कामाला लागतात. आजीला यू-व्हॅल्यू कळत नाही. तिचं मोजमाप एकच, दुपारी झोप लागली की नाही. सध्या लागते.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी