कौल

आमच्या आजोळी, सिंधुदुर्गातील एका लहान गावी, ग्रामदेवतेला कौल लावण्याची प्रथा आहे. विहीर खणायची असो, मुलीचे लग्न ठरवायचे असो, की भाऊबंदकीतला तंटा मिटवायचा असो. घरातले कर्ते माणूस देवळात जाते. गुरव पाषाणाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो आणि सारे जण श्वास रोखून पाहत राहतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लहानपणी मी आजोबांना विचारले होते, "डावा कौल आला आणि आपल्याला तो नकोच असला तर?" आजोबा म्हणाले, "मग लावूच नये. एकदा विचारलं की आपण बांधलो गेलो." हे वाक्य मी पुढे विसरून गेलो. ते मला पुन्हा आठवले ते इ.स. २०१५ च्या जुलै महिन्यात, अथेन्समध्ये.

मी तेथे गेलो होतो तो नाट्यगृहांचे अवशेष पाहण्यासाठी. मराठीच्या वर्गात वर्षानुवर्षे ॲरिस्टॉटलची शोकात्मिकेची मीमांसा शिकवत आलो होतो. ज्या दगडी पायऱ्यांवर बसून लोकांनी ती नाटके पाहिली, त्या एकदा डोळ्यांनी पाहाव्यात अशी इच्छा होती. पांग्राती नावाच्या भागात दोन महिन्यांसाठी एक खोली भाड्याने घेतली. घरमालकीण सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शाळाशिक्षिका. तेथील रीतीप्रमाणे मी त्यांना 'किरिया', म्हणजे 'बाई', म्हणत असे. दोघांचेही इंग्रजी बेताचे, त्यामुळे आमची मैत्री लवकर झाली.

२७ जूनच्या मध्यरात्रीनंतर पंतप्रधान ॲलेक्सिस त्सिप्रास यांनी दूरदर्शनवरून सार्वमताची घोषणा केली. कर्ज देणाऱ्या संस्थांनी ठेवलेल्या अटी मान्य कराव्यात की नाही, हे जनतेने ५ जुलै रोजी ठरवावे, असे त्यांनी सांगितले. सोमवारपासून बँका बंद झाल्या. एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो मिळू लागले. वीस युरोच्या नोटा संपल्या, तेव्हा साठाचे प्रत्यक्षात पन्नास झाले. शहरातील बस आणि मेट्रो मात्र सर्वांना मोफत केली होती. खिशात पैसे नाहीत आणि प्रवासाला पैसे लागत नाहीत, असे ते विचित्र दिवस होते.

किरियांकडे बँकेचे कार्ड नव्हते. अशा निवृत्तिवेतनधारकांसाठी काही शाखा तीन दिवस उघडल्या गेल्या. आडनावाच्या आद्याक्षरानुसार वार ठरवून दिले आणि प्रत्येकाला १२० युरोपर्यंत रक्कम मिळेल असे जाहीर झाले. त्यांच्या अक्षराच्या दिवशी मी सोबत गेलो. अर्ध्या उघड्या शटरसमोर म्हातारी माणसे दाटीने उभी होती. कुणी भांडत होते, कुणी रडत होते. बहुतेक जण पासबुक छातीशी धरून गप्प होते. ती गर्दी मला परकी वाटली नाही. आमच्या तालुक्याच्या गावी एक सहकारी पतसंस्था अडचणीत आली, तेव्हा माझे वडील असेच पासबुक छातीशी धरून बंद दारासमोर उभे होते. आपला पैसा मागताना माणसाच्या चेहऱ्यावर याचकाची छाया का यावी, हे मला तेव्हाही कळले नव्हते.

ग्रीसवर ही वेळ एका रात्रीत आली नव्हती. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये नव्या सरकारने कबूल केले की, आधीच्या काळात तुटीचे आकडे लपवले गेले होते; अंतिम हिशोबात ती तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या पंधरा टक्क्यांहून अधिक निघाली. २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचे पहिले साहाय्य मिळाले, २०१२ मध्ये दुसरे. देखरेखीला युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी ही त्रयी होती. लोक तिला 'त्रोइका' म्हणत. आलेल्या पैशाचा फार मोठा भाग जुन्या कर्जाच्या परतफेडीत आणि बँकांना सावरण्यात गेला. अटी मात्र घराघरांत पोहोचल्या. सणासुदीला मिळणारे तेरावे आणि चौदावे वेतन गेले, निवृत्तिवेतनाला पुन्हा पुन्हा कात्री लागली, कर वाढले. २०१३ पर्यंत बेकारी सत्तावीस टक्क्यांच्या घरात गेली आणि काही वर्षांत देशाचे उत्पन्न सुमारे एकचतुर्थांशाने आटले.

किरियांनी आयुष्यभर 'पासोक' या समाजवादी पक्षाला मत दिले होते. २००९ च्या निवडणुकीत सुमारे चव्वेचाळीस टक्के मते मिळवणारा हा पक्ष २०१२ च्या मे महिन्यात तेरा टक्क्यांवर आला. त्या घसरणीत आपलेही एक मत आहे, हे त्या अपराध्यासारख्या सांगत. २०११ च्या उन्हाळ्यात त्या सिन्ताग्मा चौकात जाऊन बसत. सिन्ताग्मा म्हणजे संविधान, समोरच संसद. हजारो माणसे संसदेकडे पाच बोटे पसरलेला पंजा दाखवीत. ग्रीसमध्ये तो मोठा अपमान समजला जातो. "पस्तीस वर्षं मुलांना सांगितलं, असा हात करू नये," त्या म्हणाल्या, "आणि मीच तो केला." त्याच वर्षी पंतप्रधान पापांद्रेऊ यांनी सार्वमताची कल्पना मांडली, युरोपीय नेत्यांच्या दबावाखाली ती मागे घेतली आणि त्यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी मध्यवर्ती बँकेचे माजी उपाध्यक्ष पंतप्रधान झाले. त्यांना कोणत्याही मतदाराने निवडलेले नव्हते. म्हणून २०१५ च्या जानेवारीत किरियांनी 'सिरिझा' या नव्या डाव्या पक्षाला मत दिले. शेवटचा प्रयत्न म्हणून, असे त्या म्हणत.

ग्रीसमध्ये अनेकांची नावे मूळ गावाच्या मतदारयादीतच असतात. किरियांचे नाव पेलोपोनेसमधील आर्केडियाच्या एका डोंगरी गावात होते. शनिवारी सकाळी त्या निघाल्या. मोफत बस शहरापुरती होती. गावाच्या बसचे तिकीट त्या १२० युरोंतूनच काढावे लागले. मी म्हणालो, "आठवडा काढायचा आहे, राहू द्या." त्या म्हणाल्या, "मला प्रश्न विचारला आहे. उत्तर द्यायला नको?" प्रश्न तसा किचकट होता. त्यात २५ जूनच्या दोन दस्तऐवजांची लांबलचक नावे होती आणि मूळ साहाय्याची मुदत तर ३० जूनलाच संपून गेली होती. पण गावोगावच्या माणसांनी त्यातला आपल्याला कळलेला प्रश्न उचलला: हे असेच चालू द्यायचे का?

रविवारी रात्री मी सिन्ताग्मा चौकात होतो. ६१.३ टक्के लोकांनी 'ओही', म्हणजे 'नाही', म्हटले होते. अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती. डावी पाकळी पडली होती, आणि ती साऱ्या जगाने पाहिली होती.

त्यानंतरचा आठवडा विलक्षण होता. सोमवारी अर्थमंत्री यानिस वारुफाकिस यांनी राजीनामा दिला. पुढच्या रविवारी ब्रुसेल्समध्ये युरो गटातील राष्ट्रप्रमुखांची बैठक सुरू झाली. ती रात्रभर, सुमारे सतरा तास चालली. १३ जुलैच्या सकाळी जो करार जाहीर झाला, त्यातील अटी जनतेने नाकारलेल्या अटींहून अनेक बाबतींत कडक होत्या. पन्नास अब्ज युरोंची सार्वजनिक मालमत्ता विक्रीसाठी एका निधीकडे सोपवण्याची अटही त्यात होती. दोन-तीन दिवसांत ग्रीक संसदेने, विरोधी पक्षांच्या पाठिंब्याने, पहिले कायदे संमत केले.

त्या सकाळी किरिया गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. दूरदर्शन संच बंद होता. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मी हजारो वह्या तपासल्या. मुलाचं उत्तर चूक असेल तर लाल शाईने खूण करावी. त्यात काही वाईट नाही. पण वही न वाचता परत केली, तर ते मूल पुढच्या वेळी लिहीत नाही."

मी यावर खूप विचार केला आहे. किरियांची बाजू मनाला भिडते म्हणून दुसरी बाजू खोटी ठरत नाही. युरो वापरणारे आणखी अठरा देश होते आणि त्यांतही मतदार होते. स्लोव्हाकियातील सामान्य माणूस विचारत होता की, आमच्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या कर्जाचा भार आम्ही का उचलावा? २०११ मध्ये तेथील सरकार युरोपीय साहाय्यनिधीच्या प्रश्नावरच कोसळले होते. एका गावच्या देवाने दिलेला कौल दुसऱ्या गावाने का मानावा? खुद्द ग्रीकांनाही अटी नको होत्या, पण त्यांतील बहुसंख्यांना युरो हवा होता. प्रश्नपत्रिकेत ही दुसरी गोष्ट विचारलेलीच नव्हती. मताची हद्द देशाच्या सीमेपाशी संपत होती. कर्ज आणि चलन मात्र ती सीमा केव्हाच ओलांडून गेले होते. हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी कौल लावण्यापूर्वी गावाला सांगायला हवे होते. ते सांगितले गेले नाही, हा माझ्या मते खरा अपराध आहे.

मराठीत अशा अनुभवाला आपण 'भ्रमनिरास' म्हणतो. शब्दाचा अर्थ पाहिला तर ही लाभाची गोष्ट आहे. वेदान्तात दिव्याच्या उजेडात साप नाहीसा होतो आणि तेथे दोरी दिसते. भ्रम जातो, वस्तू उरते. राजकारणातील भ्रमनिरासात साप जातो, पण दोरीही हाती लागत नाही. जुन्या पक्षावरचा विश्वास गेला, नव्या पक्षावरचा गेला, युरोप नावाच्या मोठ्या घरावरचाही गेला. त्यांच्या जागी काहीच आले नाही. अशा रिकाम्या जागा फार काळ रिकाम्या राहत नाहीत. २०१२ मध्येच 'गोल्डन डॉन' हा परदेशी स्थलांतरितांवर हल्ले करणाऱ्यांचा पक्ष संसदेत पोहोचला होता.

२० सप्टेंबरला ग्रीसमध्ये पुन्हा निवडणूक झाली. मी तोवर परतलो होतो. तेच पंतप्रधान पुन्हा निवडून आले. पण जुलैत ६२.५ टक्के असलेले मतदान ५६.६ टक्क्यांवर आले होते. शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतलेले किरियांचे पत्र ई-मेलने आले. अंजिरे यंदा चांगली आली, गुडघा दुखतो, असे बरेच काही होते. शेवटी एक ओळ होती: "या वेळी गावी गेले नाही."

मुक्त विद्यापीठाच्या रविवारच्या संपर्कसत्रात मी एकदा शोकात्मिका शिकवताना ही हकीकत सांगितली. वर्गात एक अंगणवाडी सेविका होत्या. मतदारयाद्यांच्या कामासाठी त्या घरोघर फिरतात. त्या म्हणाल्या, "सर, आमच्या वस्तीत एक आजी आहेत. मी गेले की म्हणतात, नाव लिहून घे, पण मागच्या वेळी सांगितलेल्या नळाचं काय झालं ते आधी सांग." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "त्या ग्रीसच्या बाईंनी सप्टेंबरात जायला हवं होतं का?"

मी आजोबांचे वाक्य सांगितले. त्या म्हणाल्या, "ते कौल लावणाऱ्याला झालं, सर. ज्याला कौल विचारतात त्याने काय करायचं?"

मला उत्तर देता आले नाही. जायला हवे होते, असे म्हणण्याचा अधिकार त्या १२० युरोंतून तिकीट न काढलेल्या माणसाला नाही. आणि नको होते, असे म्हणायला मन धजत नाही. त्या दिवशी विद्यार्थ्यांच्या स्वाध्यायांचा गठ्ठा घरी आणला होता. एरवी मी त्यांवरून नजर फिरवून गुण देत असे. त्या रात्री एकेक वही शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.