बीडाचा सिंह

"अगं, हे लोखंड आहे! आपलं लोखंड!" हे ओरडले, आणि ब्रसेल्सच्या त्या थंडीत यांच्या तोंडातून वाफेचा असा लोट निघाला की वाटलं, भट्टीचं झाकणच उघडलं.

सकाळचे साडेनऊ. उजेड नुकताच कुठे फुटलेला. डोक्याला कानटोपी, तिच्यावर मफलर, मफलरवर जॅकेटची टोपी, आणि समोर आभाळात टांगलेले नऊ चकचकीत गोळे. एकेक गोळा १८ मीटर व्यासाचा, जाड नळ्यांनी एकमेकांना जोडलेला. ॲटोमियम त्याचं नाव. १९५८च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेलं, १०२ मीटर उंच. लेकाने यादीत लिहून दिलं होतं म्हणून आम्ही गेलो. विज्ञानाचं काहीतरी असेल, फोटो काढू आणि निघू, असा माझा बेत. पण तिथे गेल्यावर कळलं की हा लोखंडाच्या स्फटिकाचा नमुना आहे. आठ कोपऱ्यांवर आठ अणू, मधोमध नववा, १६,५०० कोटी पट मोठे केलेले! झालं. ज्या माणसाने तीस वर्षं जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया काढल्या, लाखो टन लोखंड डोळ्यांसमोरून लाल होऊन वाहताना पाहिलं, त्याला ते आतून कसं दिसतं हे आज कळत होतं. अहो, डोळ्यांत पाणी! थंडीने आलं असं म्हणाले. मी काही बोलले नाही.

यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक लोहचुंबक आहे, बोराएवढं. भंगाराचा ट्रक आला की आधी चुंबक लावायचं. चिकटलं तर भट्टीत, नाही तर बाजूला. निवृत्तीनंतरही ते खिशातून निघालं नाही, विमानात बसून युरोपात आलं. आता ते गोळ्याला लावून बघायचं यांच्या मनात. पण गोळे आभाळात! त्यात कळलं की मूळचा ॲल्युमिनियमचा पत्रा काढून २००४ ते २००६च्या दुरुस्तीत स्टेनलेस स्टीलचा बसवलाय. "म्हणजे हात पुरला असता तरी चिकटलं नसतं," हे म्हणाले. लोखंडाचा एवढा मोठा अणू आणि त्याला चुंबक चिकटत नाही! ही गोष्ट यांनी त्या दिवशी मला चार वेळा ऐकवली आणि पाचव्यांदा फोनवर लेकाला.

आता मागचं सांगते, नाही तर सगळं उलटसुलट होईल. लेक हॉलंडात नोकरीला. नाताळच्या सुमारास या म्हणाला, आणि आठवडाभर घरी ठेवून घेतल्यावर तिकिटं हातात देऊन म्हणाला, "आता तुम्ही दोघंच फिरून या." दोघंच! बत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघंच म्हणून कुठे गेलो असू तर राजूरच्या गणपतीला, तेही चतुर्थीच्या गर्दीत. पंढरपूर झालं ते सासूबाईंबरोबर, तिरुपती झालं ते अख्ख्या गल्लीबरोबर. इथे मात्र ॲमस्टरडॅमच्या स्टेशनाबाहेर आम्ही दोघं, दोन चाकांच्या बॅगा, पिशवीत माझे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, आणि अंगावर धावून येणाऱ्या सायकली! माणसं कमी आणि सायकली जास्त असं ते गाव. आणि दुपारी साडेचारला दिवेलागण! मी घड्याळ हलवून पाहिलं. कालव्याच्या काळ्या पाण्यात दिवे उतरले की जेवायची वेळ झाली असं वाटायचं आणि घड्याळ म्हणायचं पाच.

तिथली घरं उंच आणि चिंचोळी, माथ्यावर प्रत्येकाच्या एक लोखंडी आकडा. जिने इतके अरुंद की कपाट आत जात नाही, म्हणून दोर टाकून सामान खिडकीतून वर ओढायचं. मला ते फारच आवडलं. जमीन दलदलीची, म्हणून सगळं शहर लाकडी खांबांवर. नुसत्या राजवाड्याखाली १३,६५९ खांब ठोकलेत. आकडा मी पाठ केला, कारण परत आल्यावर मैत्रिणींना सांगायचा होता. सांगितला. कुणाचा विश्वास बसला नाही.

पॅरिसचं मी फार सांगत नाही, पॅरिसचं सगळे सांगतात. फक्त आयफेल टॉवर. तो आम्ही पाहिला असं म्हणणं खोटं होईल. तो यांनी तपासला. ७,३०० टन लोखंड! "पंचवीस टनी ट्रक धरला तर दोनशे नव्वद ट्रक, वर एक-दोन," यांचा हिशोब रांगेतच तयार. १८,०३८ भाग आणि २५ लाख रिव्हेट, १८८९ साली उभा राहिलेला, आणि पोलाद नाही बरं का, घडीव लोखंड. उन्हाळ्यात तापून वाढतो, हिवाळ्यात आक्रसतो. "म्हणजे आपण आखडलेला टॉवर बघतोय," मी म्हटलं, कारण मीही तेवढीच आखडले होते. वारा असा की दोन थर्मल, स्वेटर आणि लेकाचं जॅकेट भेदून हाडांपर्यंत. यांनी हातमोजा काढला, खिशातून चुंबक काढलं आणि एका रिव्हेटवर टेकवलं. टक्! चिकटलं. मागच्या रांगेतल्या एका लहान मुलीने ते पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. मग तिलाही एकदा लावून बघायचं होतं. लावलं. तेवढ्यात तास भरला आणि सगळा टॉवर एकदम लुकलुकायला लागला, वरपासून खालपर्यंत, आमच्या डोक्यावर, आणि मी माझ्या वयाची बाई, खरं सांगते, किंचाळले!

एक खंत मात्र होती. बर्फ. बर्फ बघायला म्हणून हिवाळ्यात गेलो आणि सगळीकडे नुसती भुरभुर, आपल्या श्रावणासारखी, पण गोठवणारी.

ब्रसेल्सचा शेवटचा दिवस. आगगाडीने थोडं, मग बसने थोडं, असं करत वॉटर्लूला पोहोचलो. नेपोलियन हरला ते ठिकाण, एवढंच मला ठाऊक. सपाट शेतं, पेरणी झालेली, आणि मधोमध एक हिरवी टेकडी, बाहुलीच्या खेळातल्यासारखी शंकूच्या आकाराची. टेकडी माणसांनी रचलेली. बायकांनी पाठीवरच्या टोपल्यांतून माती वाहिली असं सांगतात. माथ्यावर सिंह. वर जायला २२६ पायऱ्या, आणि माझे गुडघे! पण यांचं लक्ष सिंहाकडे. "कशाचा असेल गं?"

बीडाचा निघाला. बीड म्हणजे ओतीव लोखंड, हे आमच्या घरात पोरंसुद्धा जाणतात. माझं माहेरही बीडचंच, त्यामुळे लग्नापासून तो विनोद मला सोसावा लागलाय. "बघ, तुझ्या माहेरचा!" हे म्हणालेच. २८ टनांचा सिंह, लीएजजवळच्या कॉकरिलच्या कारखान्यात तुकड्यातुकड्यांनी ओतला आणि वर नेऊन जोडला. फ्रेंचांच्या तोफा वितळवून केला अशी दंतकथा आहे. यांना ती क्षणभरही पटली नाही. "तोफा काशाच्या. काशातून बीड कसं निघेल? ज्याने सांगितलं त्याने भट्टी पाहिलेली नाही."

आणि आता ऐका, खरी गोष्ट तर पुढेच आहे! खालच्या संग्रहालयात मी पाय शेकत फिरत होते. जिंकलेल्या सेनापतीची माहिती वाचत होते. ड्यूक ऑफ वेलिंग्टन. आणि त्याचं मूळ नाव, आर्थर वेलस्ली. वेलस्ली! मी तिथेच थांबले. भोकरदन तालुक्यात पाच वर्षं मी शिक्षिका होते, आणि आमचे मुख्याध्यापक दरवर्षी पोरांना असईची लढाई सांगायचे, खडूने फळ्यावर दोन नद्या काढून. २३ सप्टेंबर १८०३. एकीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसरीकडे हा वेलस्ली. पाच वर्षं ऐकलं, आणि असईचा वेलस्ली आणि नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन हे एकच, हे मला कळायला बेल्जियमला यावं लागलं! चौतिसाव्या वर्षी आमच्याकडे, शेहेचाळिसाव्या वर्षी इथे. आणि म्हातारपणी त्याला विचारलं की तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, तर तो वॉटर्लू म्हणालाच नाही, असई म्हणाला!

मी यांना दंडाला धरून बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. शिंद्यांचं प्रचंड सैन्य आणि शंभराच्या आसपास तोफा केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. वाटाडे म्हणाले, पुढे नदीला उतार नाही. वेलस्लीने पाहिलं, अलीकडे पिंपळगाव, पलीकडे वरुड, समोरासमोर. म्हणाला, उतार असणारच.

"बरोबरच आहे की," हे म्हणाले. "समोरासमोर गावं म्हणजे सोयरीक, सोयरीक म्हणजे वाट. याच्यात काय डोकं लावायचं?"

पण लावलं त्याने, आणि उतरला. पुढची गोष्ट गमतीची नाही. त्याच्या शेजारच्या स्वाराचं मुंडकं तोफेच्या गोळ्याने नदीतच उडालं. शिंद्यांचे गोलंदाज तोफांना चिकटून लढले. काही तर मेल्याचं सोंग करून पडले आणि फौज पुढे गेल्यावर उठून पाठीमागून तोफा डागू लागले. जिंकणाऱ्यांचीच दीड हजारांवर माणसं मेली-जखमी झाली. मुख्याध्यापक इथवर आले की वर्ग चिडीचूप व्हायचा. बाकावर हेही गप्प झाले.

मग आम्ही पायऱ्या चढलो. दोनदा बसून, एकदा भांडून. माथ्यावर वारा आणि सिंह फ्रान्सकडे तोंड करून. चौथरा इतका उंच की चुंबकाचा हात काही पोहोचेना. हे टाचा उंचावून बघत होते आणि तेवढ्यात माझ्या बाहीवर एक पांढरा ठिपका पडला. मग दुसरा. बर्फ! दहा मिनिटं, जेमतेम, पण बर्फ! यांच्या मिशीवर पडला, माझ्या चष्म्यावर पडला, बीडाच्या त्या सिंहाच्या पाठीवर पडला, आणि मी यांचा फोटो काढला तो सगळा पुसट आलाय.

संक्रांत झाली आणि त्याच आठवड्यात आम्ही असईला निघालो. आमच्याच जिल्ह्यात, आणि आयुष्यात पहिल्यांदा! राजूर, भोकरदन, मग आतला रस्ता, वाटेत एका शेतात हुरडा. स्वेटर काढून मागच्या सीटवर टाकलेला. केळणेत पाणी असं डबक्याडबक्यांत. काठाला काळी माती, हरभरा, एक बाई धुणं वाळत घालत होती. आम्ही लढाईचं विचारल्यावर तिने हात नदीकडे केला, "इथंच की," आणि पुन्हा धुण्याला लागली.

हे पात्रात उतरून उकिडवे बसले. किल्ल्या काढल्या, चुंबक वाळूत फिरवलं आणि वर धरलं. चुंबकाला काळीभोर दाढी फुटली होती! बारीक बारीक कण, टोकं उभी करून.

"लोखंड," हे म्हणाले. "आपल्या काळ्या दगडातलंच."

मी ओंजळ पुढे केली. यांनी ते कण निपटून माझ्या तळहातावर ठेवले आणि पुन्हा वाळूत चुंबक घातलं. ऊन चढेपर्यंत आम्ही तेच करत बसलो.