गुंतवळ

फणी ही वस्तू दिसावयास क्षुल्लक. पण तिला आमच्या समाजात जो मान आहे, तो पुष्कळ मोठ्या वस्तूंच्या वाट्यास येत नाही. अंबाबाईची ओटी भरावयाची म्हटली की खणनारळाच्या जोडीला हळदकुंकू, बांगड्या आणि फणीकरंडा हवाच. हडप्पा संस्कृतीच्या उत्खननांत हस्तिदंती फण्या सापडल्या आहेत. म्हणजे निदान चार हजार वर्षे तरी ह्या भूमीतील माणूस आपल्या डोक्यावरचा गुंता सोडवीत बसला आहे. इतक्या दीर्घ अनुभवानंतर ‘केस किती वेळा विंचरावेत’ एवढा एक प्रश्न तरी निकालात निघावयास हरकत नव्हती. परंतु आमच्या घरी गेले दीड वर्ष तो प्रश्न चर्चेस आहे, आणि त्यावर जेवढी भाषणे झाली तेवढी आमच्या कोल्हापूरच्या महानगरपालिकेत अंदाजपत्रकावर तरी होतात की नाही, ह्याची आम्हांस शंका आहे.

वादाचे मूळ असे. आमच्या धाकट्या कन्येचे केस जन्मतः कुरळे. जुन्या कवींनी कुरळ्या कुंतलांची वर्णने करताना शाई पुरवून वापरली नाही. पण हल्लीच्या मुलींना सरळ, पाण्याच्या धारेसारखे केस हवे असतात. त्याप्रमाणे कॉलेजात पाऊल ठेवताच तिने पार्लरात जाऊन केस ‘स्ट्रेट’ करून घेतले, आणि तो वार्षिक विधी तीन वर्षे पाळला. तिसऱ्या खेपेस कानशिलाजवळचे केस तुटू लागले. तेव्हा तिने आपण होऊन ठरविले की, आता औषध पुरे. आपले आहेत तेच केस परत येऊ द्यावयाचे. हा निश्चय आम्हांस आवडला. परंतु निश्चय करणे एका दिवसाचे काम असते आणि केस वाढणे अनेक वर्षांचे. केस महिन्याला सुमारे सव्वा सेंटीमीटर वाढतो. कमरेपर्यंतचे साठ सेंटीमीटर केस नव्याने यावयाचे म्हणजे चार वर्षे झाली. जुने केस एकदम कापून टाकण्यास तिचे मन धजेना. त्यामुळे तिच्या मस्तकावर एकाच वेळी दोन प्रकृतींचे केस नांदू लागले: मुळाकडे कुरळे आणि टोकाकडे सरळ.

हा संसार सुखाचा का होत नाही, हे समजून घेण्याचा आम्ही थोडा प्रयत्न केला. केस हे केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात, आणि त्या प्रथिनाचे धागे गंधकाच्या दुव्यांनी एकमेकांस बांधलेले असतात. केसांचा बाक टिकून राहतो तो बऱ्याच अंशी ह्या दुव्यांच्या बळावर. आपल्याकडील पार्लरांत थायोग्लायकोलेट जातीचे औषध लावून हे दुवे तोडतात, तापलेल्या इस्त्रीने केस सरळ करतात आणि दुसऱ्या औषधाने ते तसेच पक्के करतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ह्याच कामासाठी ‘रिलॅक्सर’ वापरण्याची चाल पडली. गॅरेट मॉर्गन नावाच्या कृष्णवर्णीय संशोधकाने १९१३च्या सुमारास केस सरळ करण्याचे मलम विकावयास काढले, तेव्हापासून तो व्यापार वाढतच गेला. पुढे आलेल्या तीव्र मलमांत साबणाच्या कारखान्यात लागतो तोच कॉस्टिक सोडा असे. ३३,४९७ अमेरिकन स्त्रियांची वर्षानुवर्षे नोंद ठेवून २०२२ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अशी औषधे कधी न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण शेकडा १.६४, तर ती वारंवार वापरणाऱ्यांत ते ४.०५ असावे, असा तो अंदाज होता. ह्यावरून औषध हेच कारण असे सिद्ध होत नाही. पण ज्याच्यावाचून काही अडत नाही अशा गोष्टीविषयी सावध होण्यास एवढे पुरे आहे.

औषध लागलेला केस पुन्हा पूर्ववत होत नाही. कुरळा येतो तो नवा केस. आणि जुना व नवा जेथे मिळतात तो सांधा सर्वांत नाजूक असतो. मुळाकडील वळ्यांत टोकाकडचे सरळ केस अडकतात, गाठ पडते, आणि वरून फणी ओढली की तो त्या सांध्यावरच तुटतो. म्हणून किती वेळा विंचरावे हा प्रश्न टापटिपीचा न राहता, चार वर्षांची कमाई हाती लागणार की वाटेतच सांडणार, असा होऊन बसतो.

ह्यावर आमच्या घरात दोन पक्ष झाले. पहिला पक्ष आमच्या मातोश्रींचा. त्यांच्या मते केस दिवसातून दोनदा विंचरावेत, भरपूर तेल घालावे, घट्ट तीनपेडी वेणी घालावी, शुक्रवारी शिकेकाईने न्हावे आणि दिवेलागणीला फणी हातात घेऊ नये. ह्या नियमांवर त्यांनी स्वतःचे केस सत्तरीपर्यंत गुडघ्याला टेकविले असल्यामुळे त्यांच्याशी वाद घालणे कठीण. दुसरा पक्ष कन्येच्या मैत्रिणींचा. त्यांचे म्हणणे, पंधरा दिवस केसांना हातच लावू नये. हे ऐकून मातोश्री कडाडल्या, “पंधरा दिवस फणी नाही? मग सरळ जोगतीण हो की!” त्या वेळी मोरीवर भांडी घासणाऱ्या मावशींचा हात क्षणभर थांबला, हे आमच्या ध्यानात आले. त्यांच्या डोक्यावरच्या पदराखाली अकरा वर्षांची जट होती.

प्रथम कन्येच्या प्रश्नाचा निकाल सांगतो. निरोगी माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस आपोआप गळतात. आठवडाभर न विंचरल्यास हे साडेतीनशे ते सातशे केस डोक्यातच राहतात, आणि उरलेल्यांना वेढे घालून गाठी मारतात. म्हणजे पंधरा दिवसांचे मौन धोक्याचे. उलट रोज दोनदा कोरडे केस ओढले तर नाजूक सांधा टिकत नाही. मातोश्रींचा नियम खोटा नव्हे. तो एकाच प्रकृतीच्या केसांसाठी केलेला होता. तेव्हा मध्यम मार्ग असा ठरला की आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, न्हाण्याच्या वेळी केस विंचरावेत. ओला केस अधिक ताणला जातो आणि लवकर तुटतो हे खरे. म्हणून नुसते पाणी पुरत नाही, कंडिशनरसारखे काही निसरडे हवे. केसांचे चारसहा भाग करावेत, गाठी आधी बोटांनी मोकळ्या कराव्यात, आणि मग रुंद दातांची फणी टोकापासून सुरू करून हळूहळू मुळाकडे न्यावी. इतर दिवशी केवळ बोटे. रात्री सैल वेणी.

तथापि खरा निर्णय वार पाहून करावयाचा नसून गुंतवळ पाहून करावयाचा, हे कन्येने स्वतः शोधून काढले. विंचरून निघालेला केस उजेडात धरून पाहावा. त्याच्या एका टोकास बारीक पांढरा कंद असेल तर तो आपल्या काळाने गळलेला. त्याचे दुःख करू नये. कंद नसलेले आखूड तुकडे वाढू लागले तर तो आपल्या हाताने तुटलेला. फणीचे दिवस कमी करावेत, हात हलका करावा. गाठी वाढू लागल्या तर एक दिवस वाढवावा. आषाढात आमच्या गावी केस दोन दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा हिशेब निराळा, वैशाखात निराळा. पूर्वी ज्या गुंतवळावर फुगे किंवा भांडी घेण्यापलीकडे त्याचा उपयोग कोणास ठाऊक नव्हता, ते आमच्या घरी पंचांगासारखे वाचले जाऊ लागले.

दर रविवारी मागच्या सोप्यात दीड-दोन तास हा उद्योग चाले, आणि भांडी घासता घासता मावशी तो पाहत असत. त्यांचे माहेर गडहिंग्लजकडचे. त्या भागातून मार्गशीर्षी पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मास जाणाऱ्यांची रीघ लागते. बाळंतपणानंतरच्या दुखण्यात मावशींचे केस विंचरावयाचे राहिले, तेलमळ साचून त्यांची दोरी वळली, आणि शेजारणींनी देवीचे बोलावणे आले असे ठरविले. ज्या जटेने पूर्वी कित्येक मुलींना देवीस वाहिले, तिला शह देण्याचा यत्न ह्याच गावातून झाला होता; शाहू महाराजांनी जोगत्या-मुरळ्यांच्या चालीविरुद्ध १९२० साली कायदा केला. ही समजूत आमचीच मिरास आहे असेही नव्हे. पोलंड देशात शेकडो वर्षे लोक जट कापण्यास भीत. कापली तर माणूस आंधळा किंवा वेडा होतो, असे मानीत. क्राको येथील वैद्य यूझेफ डीट्ल ह्यांनी एकोणिसाव्या शतकात ती भीती घालविण्यासाठी खटपट केली. आपल्याकडे ते काम डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने हाती घेतले, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाल्यावरही ते थांबले नाही. पुण्याच्या नंदिनी जाधव ह्यांनी आपला ब्यूटी पार्लरचा व्यवसाय सोडून शेकडो स्त्रियांच्या जटा काढल्या आहेत.

एका रविवारी मावशींनी कन्येस विचारले, “बाळ, माझी बी अशी सुटंल का गं?” कन्या म्हणाली, “मावशी, ही विंचरून नाही सुटणार. कापावी लागेल.” त्यावर मावशी, “देवीचं हाय ते,” एवढेच बोलून उठल्या. पुढे चार महिने हा विषय निघाला नाही. कन्येनेही तो काढला नाही; गुंता वरून ओढला तर तुटतो, हे ती शिकली होती. ती फक्त मावशींची मान दुखली की शेकावयास पाणी देई. अखेर मावशीच म्हणाल्या, “ज्या बाया कापत्यात त्यांना बोलीव.” कार्यकर्त्या बाई आल्या. मातोश्रींनी, स्वतःच्या वाक्याची आठवण कोणी करून न देता, देवापुढे दिवा लावला आणि मावशींचा हात धरून बसल्या. कात्री लागल्यावर मावशी रडल्या. थोड्या वेळाने त्यांनी मान डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहिली, आणि ती फिरते ह्याचेच त्यांस नवल वाटले. यंदाच्या पौर्णिमेस त्या सौंदत्तीस जाऊनही आल्या. देवी रागावली नाही.

आता मावशींचे केस चार बोटे आले आहेत, आणि कन्येचे कुरळे केस खांद्याकडे निघाले आहेत. परवा मावशींनी तिला विचारले, “आता म्या किती बारी इंचरू?” कन्येने त्यांना रोज एकदा असे उत्तर दिले, आणि स्वतःसाठी आठवड्यातून एकदा हा नियम कायम ठेवला. प्रश्न एकच असला, तरी डोके निराळे म्हणून उत्तर निराळे. ह्यात विसंगती आहे असे आमच्या मातोश्रींनाही वाटले नाही. मात्र त्यांनी बाजारातून रुंद दातांच्या दोन फण्या आणविल्या, आणि ज्याची फणी त्यानेच वापरावी, असे दोघींनाही बजावले. ह्या एका नियमावर आमच्या घरात अद्याप वाद झालेला नाही.