आठ चाकं, मागे चार

३ ऑक्टोबर
घटस्थापना. मत्स्योदरी देवीच्या टेकडीवरून पहाटेपासून भोंगा. जुन्या दाराचं सागवान फाडून आणलं. लाकडी इंजिनाचा बॉयलर यातूनच.

४ ऑक्टोबर
शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, माथेरानचं इंजिन करा की. ते लगेच ओळखू येतं." बरोबर आहे त्याचं. पण मी करतोय बार्शी लाइट रेल्वेचं. तिचं कोण विचारतं? १८९७ ला अडीच फुटी रुळांवर गाडी सुरू झाली. पुढे पंढरपूर, लातूर, मिरज. आता सगळं ब्रॉडगेज.

५ ऑक्टोबर
चाकं कापली. आठ जोडलेली, मागे चार सुटी. पुढे आधाराला एकही नाही. फोटोत बेढबच दिसतं.

६ ऑक्टोबर
पाऊस. आईचा उजवा डोळा आणखी अंधुक. जालन्याला न्यायला हवं.

७ ऑक्टोबर
रात्री झोप नाही. वाचत बसलो. ही लाइन बांधणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपचा हट्ट होता, एका आसावर पाच टनांच्या वर भार नको. रूळच हलके, वाराला तीस पौंडांचे. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्यात इतकी चाकं लावली. आजी ओल्या सारवणावरून चालायची, तसं हे इंजिन. अंगानं थोराड, पण जपून पाय टाकणारं. मी त्याला बेढब म्हणालो.
या कॅलथ्रॉपनं अरबी घोडे पाळले. घोड्याला मायेनं शिकवावं म्हणून १९२० ला पुस्तक लिहिलं. हे वाचून फार बरं वाटलं.

८ ऑक्टोबर
सायकलच्या स्पोकचे दांडे जोडले. चौथं चाक अडतंय. घासलं. तरी अडतंय.

१० ऑक्टोबर
आईच्या हातात दिलं. बोटांनी चाकं मोजली. मग मागे चाचपत राहिली.
"कोळशाचा डबा कुठंय?"
तिच्या लहानपणी मागे वेगळा टेंडर असायचा. म्हटलं, हे त्याच्या आधीचं, आई.
"मंग ह्यानं आमच्या आज्याला नेलं आसंल पंढरीला."
खिडकीत बसलं की डोळ्यात कणी जायची, म्हणाली. तिची आई पदराचा बोळा करून त्यात फुंकायची, ऊन बोळा डोळ्यावर धरायची. सांगताना तिनं पदर उजव्या डोळ्याला लावला. बराच वेळ काढला नाही.

११ ऑक्टोबर
चौथं फिरलं! डॉक्टरांकडे सोमवारी.

१२ ऑक्टोबर
दसरा. पाटावर रंधा, करवत, पटाशी. शेवटी इंजिन. आई कुंकवाचं बोट घेऊन थांबली.
"तोंड कोणीकडं?"
हात धरून धुरांड्यापाशी नेला.