तंजावरात ब्रेकची हवा काढताना

तंजावरला निघालेल्या मराठी प्रवाशाच्या मनात दोन स्थळे आधीपासूनच ठाण मांडून बसलेली असतात. एक, राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेले बृहदीश्वराचे मंदिर. दुसरे, भोसले राजांच्या ग्रंथप्रेमाची साक्ष देणारा सरस्वती महाल. आमचा तेथील पहिला दिवस मात्र या दोहोंपैकी कोठेच गेला नाही. तो गेला राजवाड्याजवळच्या एका लहानशा गॅरेजात.

पोंगल नुकताच आटोपला होता. कुंभकोणमहून तंजावर सुमारे ४० किलोमीटर. कावेरीच्या मुलखातला हा रस्ता सपाट. दुतर्फा शेते, आणि मध्येच रस्त्याच्या कडेला वाळत घातलेले भात. त्या वाटेवर मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकचा दांडा मऊ पडत चालल्याचे माझ्या ध्यानात आले. मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवून, बैलाच्या चालीने आम्ही गाव गाठले. पुढे आम्हांला कोडाईकनालला जायचे होते. बत्तलगुंडूनंतरचा तो घाट उतरताना पत्नी मागे बसलेली असणार, या विचाराने जीव थाऱ्यावर नव्हता.

आमचे यजमान म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेल्या मराठी कुटुंबातले एक वृद्ध गृहस्थ. त्यांना सारेच मामा म्हणत. तमिळ वळणाच्या गोड मराठीत आमचे स्वागत करून ते आम्हांला थेट मिस्त्रीकडे घेऊन गेले. त्याने दांड्याजवळचा मास्टर सिलिंडर आणि चाकाजवळचा कॅलिपर उघडला. आतली रबरी सीले झिजली होती. ती बदलून त्याने दुपारपर्यंत सगळी जोडणी केली. मी हेल्मेट उचलले, तर तो हसला. मामांनी त्याचे म्हणणे सांगितले, “निम्मे काम राहिले आहे. नळीत तेल नाही, वारा आहे.”

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्काल या फ्रेंच पंडिताचा सिद्धांत. त्याचा तो ग्रंथ १६६३ साली, म्हणजे शिवाजी महाराजांनी लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. हाताने दांडा दाबला की तेलावाटे तो जोर चाकापाशी पोहोचतो, तो याच नियमाने. द्रव दाबाने जवळजवळ आक्रसतच नाही. हवा मात्र सहज आक्रसते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला, की हाताचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो आणि चाक फिरतच राहते.

मिस्त्रीने प्रथम एका कोऱ्या सिरिंजने कॅलिपरच्या निपलमधून तेल वरच्या दिशेने भरले. हवा आपोआप वर चढते, म्हणून तिला तिच्याच वाटेने जाऊ द्यायचे, ही युक्ती. वरच्या डबीत बुडबुड्यांची रांग लागली. मग दोघांनी करायचे काम आले. मी दांडा दोन-चार वेळा हळू दाबून घट्ट धरायचा; त्याने निपल किंचित सैल करायची; तेलाबरोबर हवा बाहेर पडताना दांडा खाली बसतो, तो तसाच धरून ठेवायचा; निपल पुन्हा आवळली गेल्यावरच सोडायचा. त्यासाठी त्याने मला दोन शब्द शिकवले : ‘पिडि’ म्हणजे धर, ‘विडु’ म्हणजे सोड.

पाच-सहा वेळा सारे सुरळीत झाले. मग तो एकाएकी ओरडला, “विडादे!” मी ‘विडा’ एवढेच ऐकले आणि दांडा सोडला. वास्तविक त्याचा अर्थ ‘सोडू नकोस’ असा होता! निपल उघडीच होती. तिने घटकेत हवा आत ओढून घेतली. अर्ध्या तासाचे काम पाण्यात गेले. ज्याचे पोट भाषांतरावर चालते, त्याने अर्धा शब्द ऐकून अर्थ लावावा, याची मला फार लाज वाटली. मिस्त्री रागावला नाही. त्याने फक्त दांडा माझ्या हातून काढून पत्नीच्या हाती दिला. “तू धर, मुली,” मामा म्हणाले. तिने प्रत्येक शब्द शेवटपर्यंत ऐकला.

डबी रिकामी पडून वरून हवा शिरू नये म्हणून मिस्त्री मधूनमधून तेल घालीत होता. निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून नुसते तेल येऊ लागले तेव्हा तो थांबला. निघालेले तेल त्याने पुन्हा वापरले नाही. हे तेल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश. घाटात ब्रेक तापले, की त्या ओलाव्याची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दगा देते. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलावे. ते रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर रंग उडतो.

रात्री त्याने दांडा दाबून फडक्याने बांधून ठेवला. उरलेसुरले बुडबुडे त्यामुळे सकाळी वर निघून जातात, असा त्याचा अनुभव. सकाळी दांडा दगडासारखा घट्ट लागला. तेल कोठे पाझरत नाही हे त्याने पाहिले. मोकळ्या जागेत धिम्या गतीने चार वेळा गाडी थांबवून दाखवायला लावली, आणि मगच आम्हांला निरोप दिला.

मग आम्ही बृहदीश्वराच्या आवारात गेलो. तेथे सरफोजीराजांच्या काळी, १८०३ साली, भोसले वंशाचा इतिहास मराठीत भिंतीवर कोरविलेला आहे. मी तो वाचू लागलो, तो क्रियापद येईपर्यंत धीर धरून. आपल्या मराठीतही ‘नाही’ शेवटीच येते, हे मला तमिळ मिस्त्रीने शिकवावे लागले होते.

चार दिवसांनी कोडाईकनालचा घाट उतरताना प्रत्येक वळणावर ब्रेक जागच्या जागी लागत होता. एका अवघड वळणावर मागून पत्नीचा आवाज आला, “विडादे!”

या वेळी मी तो शब्द पुरता ऐकला.