‘पुरे’ कुणी म्हणायचं?

रविवारी दुपारची जेवणं आटोपली, की चारचौघांच्या घरात वामकुक्षी सुरू होते. आमच्या घरात मुष्टियुद्ध सुरू होतं! घाबरू नका, कुणी कुणाला मारत नाही. मारामारी करणारी माणसं सातासमुद्रापलीकडची, त्यांतली काही तर केव्हाच देवाघरी गेलेली. भांडतात ते आमच्या घरातले तीन पुरुष. विषय एकच : जगातला सगळ्यांत मोठा बॉक्सर कोण?

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय पंच्याहत्तर. त्यांच्या लेखी महंमद अली झाला आणि पुढे कुणी झालाच नाही. १९८० साली अली भारतात आला होता, मद्रासला त्याची प्रदर्शनी लढत झाली होती. त्या वेळचं पिवळं पडलेलं कात्रण अण्णांच्या पासबुकांच्या पिशवीत अजून आहे. ह्यांचा देव माइक टायसन. १९८६ साली, अवघ्या विसाव्या वर्षी तो हेवीवेटचा जगज्जेता झाला. आणि आमचे चिरंजीव, इयत्ता नववी, फक्त आकड्यांची भाषा बोलतात. फ्लॉइड मेवेदर : पन्नास लढती, पन्नास विजय, पराभव शून्य! “आजोबा, तुमचा अली पाच वेळा हरलाय,” एवढं बोलून तो सोफ्यावर आडवा होतो.

की अण्णा उठून बसलेच! “अरे, ऐन बहरात त्याला लढू कुठे दिलं?” अण्णांचं म्हणणं खरं आहे. व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात जायला अलीने १९६७ साली नकार दिला. त्याचं जगज्जेतेपद काढून घेतलं आणि साडेतीन वर्षं त्याला लढताच आलं नाही. पंचविशी ते अठ्ठाविशी! ती वर्षं कुणाच्या हिशेबात धरायची?

मी इतिहास घेऊन बी.ए. झाले आहे, आणि एका शाळेत अर्धा दिवस इतिहासच शिकवते. सनावळ्या पाठ असणारी म्हणून ह्या भांडणात पंचाची जागा माझ्याकडे आली. आता पंच व्हायचं म्हणजे वाचायला हवंच. पोळ्या झाल्या की रात्री थोडं थोडं वाचत गेले, आणि माझ्या लक्षात आलं, की ह्याचा निकाल लागायचा नाही. जो लुई १९३७ ते १९४९ जगज्जेता होता, आणि त्याने तो मान पंचवीस वेळा राखला. रॉकी मार्सियानो एकोणपन्नास लढती जिंकून, एकही न हरता १९५६ साली बाजूला झाला. तेव्हा जगज्जेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे, आता बारा फेऱ्यांची. मेवेदर ह्या दोघांपेक्षा कितीतरी हलक्या वजनगटातला, आणि २०१७ साली त्याने ज्याला पन्नासावा म्हणून हरवलं, त्याची व्यावसायिक मुष्टियुद्धातली ती पहिलीच लढत होती! चुलीवर वीस माणसांचा स्वयंपाक करणारी माझी आजी थोर, की नोकरी सांभाळून गॅसवर चार पदार्थ करणारी माझी जाऊ? तुलना करायची तरी कशी?

सासूबाईंना ह्या वादात रस नाही. पण एकदा मी त्यांना सांगितलं, की अलीची मुलगी लैला हीसुद्धा बॉक्सर झाली, आणि अलीचा हाडवैरी जो फ्रेझियर, त्याची मुलगी जॅकी हिच्याशी २००१ साली तिची लढत झाली. लैला जिंकली. सासूबाई वाती वळता वळता म्हणाल्या, “बापांची भांडणं, आणि ठोसे मुलींनी खायचे.” मला ते वाक्य विसरता येईना. त्याला कारणही तसंच घडलं.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना कंपवात असल्याचं निदान झालं. अलीला होता तोच आजार. गोळ्या चालू आहेत. चहाचा कप मी हल्ली अर्धाच भरते आणि दोनदा देते. सांडतही नाही आणि कुणाला काही बोलावंही लागत नाही. पण स्कूटर! भाजी आणणं, वीजबिल भरणं आणि धाकट्या कन्येला क्लासला सोडणं ही अण्णांची कामं. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे उरलेली तेवढीच सत्ता.

श्रावणात एक दिवस कन्या गुडघा खरचटून घरी आली. “शाळेत पडले,” म्हणाली. रात्री औषध लावताना माझ्या कानाशी लागून म्हणाली, “आई, मी शाळेत नाही पडले. वळणावर स्कूटर घसरली. आजोबा म्हणाले, आईला सांगू नकोस.”

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, “तू बोल. मला नाही जमणार. त्यांनीच मला स्कूटर शिकवलीय गं.” सासूबाई म्हणाल्या, “माझं कधी ऐकलंय त्यांनी?” म्हणजे शेवटी सुनेनं बोलायचं. मैत्रिणींनो, सून कितीही लाडकी असली, तरी सासऱ्यांना ‘आता पुरे’ म्हणायला जीभ रेटते का हो?

पुढचा रविवार उजाडला. जेवणं झाली, आणि टायसनवरून जुंपली. २०२४ च्या नोव्हेंबरात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, हा माणूस आपल्यापेक्षा एकतीस वर्षांनी लहान असलेल्या मुलाशी लढायला उभा राहिला आणि हरला. चिरंजीव हसत होता. हे म्हणाले, “त्याला कुणी तरी थांबवायला हवं होतं.”

“आई, आज निकाल देऊनच टाक,” चिरंजीवांनी फर्मान सोडलं.

मी हात पुसत बाहेर आले. म्हटलं, “माझा माणूस रिंगणात नव्हताच. तो कोपऱ्यात उभा होता.”

मग मी त्यांना मनिलाची गोष्ट सांगितली. १ ऑक्टोबर १९७५. अली आणि फ्रेझियर यांची तिसरी लढत. पहिली फ्रेझियरने जिंकलेली, दुसरी अलीने. चौदा फेऱ्या झाल्या. फ्रेझियरचे डोळे सुजून मिटत आले होते, समोरून येणारा ठोसा दिसत नव्हता. उरली होती एकच फेरी, म्हणजे तीन मिनिटं. तेव्हा त्याचा प्रशिक्षक एडी फच त्याला म्हणाला, आता बस, संपलं. आणि लढत थांबवली. सारं जग बघत असताना, अलीसारख्या वैऱ्यासमोर, आपल्याच माणसाचा पराभव त्याने पदरात घेतला. जिंकलेला अलीसुद्धा उठून उभा राहिला आणि तिथेच कोसळला.

“आणि अण्णा, तुमच्या अलीच्या कोपऱ्यातही एक डॉक्टर होता. फर्डी पचेको. १९७७ सालच्या एका लढतीनंतर अलीच्या मूत्रपिंडाचे अहवाल बघून तो म्हणाला, आता थांबा. कुणी मनावर घेतलं नाही, तेव्हा तो स्वतःच बाजूला झाला. अली त्यानंतर चार वेळा लढला, त्यांतल्या तीन लढती हरला. १९८० साली लॅरी होम्सने त्याला दहा फेऱ्या मारलं. होम्स हा एकेकाळी सरावात अलीचे ठोसे खाणारा पोरगा! त्याच्या कोपऱ्याने लढत थांबवली ती दहाव्या फेरीनंतर. १९८४ साली अलीच्या कंपवाताचं निदान झालं. ठोशांमुळेच झाला का, ह्यावर डॉक्टरांत दुमत आहे. पण ‘पुरे’ हा शब्द त्याला तीन वर्षं आधी मिळाला असता, तर ते ठोसे तरी चुकले असते.”

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “फ्रेझियर काय म्हणाला तेव्हा?”

“नको म्हणाला. त्याला लढायचंच होतं.” आणि त्याच दमात मी बोलून गेले, “अण्णा, आपल्या छकुलीचा गुडघा शाळेत नाही फुटला.”

खोलीत कुणी हललं नाही. अण्णा उठले आणि आत गेले. दार लावल्याचा आवाज आला.

दोन दिवस त्यांनी माझ्याशी शब्द बोलला नाही. चहा घेत होते, पण माझ्याकडे न बघता. मी मनात स्वतःला शंभरदा दोष दिला. पोरांदेखत बोलायला नको होतं, असं आजही वाटतं. पण गुडघ्यावरची खपली बघितली, की वाटायचं, बोलले ते बरंच केलं.

बुधवारी सकाळी मी कणीक तिंबत होते. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात आले.

“त्या फचशी फ्रेझियर पुढे बोलला का गं?”

“बोलला की. पुढच्या वर्षी जॉर्ज फोरमनशी लढला, तेव्हाही त्याच्या कोपऱ्यात फचच होता.”

अण्णांनी मान हलवली. ओट्यावर स्कूटरची किल्ली ठेवली. ठेवताना ती थोडी वाजली, हाताच्या थरथरीमुळे. मी कणकेकडेच बघत राहिले. मला माझा चेहरा त्यांना दाखवायचा नव्हता.

जाता जाता म्हणाले, “ही काही निवृत्ती नाही हं. तात्पुरतं आहे.”

आता आजोबा-नात क्लासला चालत जातात. उलट वाटेत दोघं मिळून काय काय खातात, ह्याच्याच तक्रारी माझ्या कानी येतात. रविवारचा वाद अर्थातच चालू आहे. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये अलीने थरथरत्या हाताने ज्योत पेटवली, तोच त्याचा सर्वांत मोठा विजय, असं अण्णांचं नवं म्हणणं आहे. चिरंजीव म्हणतात, तो विजय आकड्यांत धरता येत नाही. मी निकाल राखून ठेवलाय.

पण एक इतिहास मी विसरलेले नाही. अलीनेही १९७९ साली निवृत्ती जाहीर केली होती, आणि पुढच्याच वर्षी तो होम्ससमोर उभा राहिला. म्हणून किल्ली मी तुरडाळीच्या डब्यात, अगदी तळाशी ठेवली आहे. अण्णांना सांगू नका.