दोऱ्याला वाट हवी

मे महिना सरत आला की जयगडच्या खाडीतलं काम किनाऱ्यावर चढतं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्याआधीच लाँचा एकेक करून वर ओढल्या जातात, जाळी उतरतात, इंजिनं पुसून झाकली जातात. रत्नागिरीच्या या पट्ट्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच्याखाली लाकडी लाँच उघडी राहिली तर दिवाळीपर्यंत तिच्या फळ्या बोलायला लागतात. म्हणून या दिवसांत जेटीच्या वाटेवर एकच गोष्ट सगळ्यांना हवी असते, ताडपत्री. मापाची, कडेला दोरखंड घातलेली, वाऱ्याला न फाटणारी ताडपत्री. आमच्या पडवीतलं मशीन याच महिन्यांत बोलतं. वर्षभर तसं ते खुर्च्यांची गादीकव्हरं, रिक्षांची हुडं, दुकानांचे मांडव शिवत असतंच; पण मेच्या शेवटच्या आठवड्यांत त्याचा आवाज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत थांबत नाही.

घरातल्या पायाच्या मशीनवर ज्यांनी झबली आणि परकर शिवलेत त्यांना हे मशीन पाहून आधी दडपण येतं. ओतीव लोखंडाचं काळसर धूड, टेबलाखाली मोटर, मोटरीपासून हातचाकापर्यंत ताणलेला पट्टा. याला वॉकिंग फूट म्हणतात, कारण कापडावर दाबून बसणारा पाय इथे नुसता बसत नाही, पाऊल उचलून पुढे टाकतो. खालचे दात, वरचा पाय आणि मधली सुई तिघं मिळून ताडपत्रीचा जाड थर एकाच चालीने पुढे नेतात. त्यामुळे वरचा पदर मागे राहत नाही आणि खालचा चुण्या धरत नाही. जाड कामासाठी याहून शहाणी रचना मी पाहिलेली नाही.

आणि ऐन हंगामात, एका मोठ्या लाँचेची कड चालू असताना, ते अडकलं. कोपऱ्यात दोरखंडाभोवती ताडपत्रीच्या चार घड्या एकावर एक आल्या होत्या. एक कोरडा ठोका आला, पट्टा जागच्या जागी घसरला, जळक्या रबराचा वास सुटला आणि पडवी एकदम शांत झाली.

अशा वेळी हात आपोआप चाकाकडे जातो. मोटरीला जमलं नाही ते आपल्या दंडाला जमेल असं वाटतं. त्या दिवशी जेटीवरून परतणारे एक काका पायरीशी थांबले होते. आयुष्यभर लाँचांच्या इंजिनांत हात काळे केलेला माणूस. शिवणकामाचा आणि त्यांचा तसा संबंध नाही, पण बंद पडलेलं यंत्र दिसलं की त्यांचे पाय तिकडे वळतात. ते आत येता येता म्हणाले, "बाय, चाक सोड. आधी बघूया काय झालाय ता. जोर केलास तर मोडंल."

मी म्हटलं, "काका, तुम्हीच बघा. उद्या ताडपत्री द्यायची आहे."

"उद्याचा उद्या. आधी मोटर बंद कर."

त्यानंतरचा तासभर मी जे शिकले ते मला पुढे कितीतरी वेळा उपयोगी पडलं. ते सगळं इथे मांडते, कारण दुरुस्तीला एक क्रम असतो आणि तो क्रम म्हणजेच अर्धं ज्ञान असतं.

पहिली गोष्ट, वीज बंद. जुन्या क्लच मोटरीचं बटण बंद केल्यावरही तिचं जड चाक काही वेळ फिरत राहतं, आणि पायट्यावर चुकून पाय पडला तर सुई खाली येते. म्हणून आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबायचं. मग पाय वर उचलायचा, सुई सैल करून काढायची, वरचा दोरा कापायचा, आणि कापड ओढायचं नाही. खालून दोऱ्याचा गुंता धरलेला असताना कापड ओढलं की गुंता आणखी आवळतो. ताडपत्री किंचित उचलून तिच्याखालून कात्रीचं टोक घालायचं आणि दिसेल तो दोरा तोडायचा. त्यानंतर सुईखालची प्लेट उघडायची. तिथे, दातांच्या रांगांमध्ये, कापडाचा भुसा आणि दोऱ्याचे तुकडे दाबून बसलेले असतात. ते रंगवायच्या जुन्या ब्रशने झाडायचे. फुंकायचं नाही, फुंकरीने भुसा आत जातो आणि इथल्या हवेत तोंडाची वाफही लोखंडाला सोसत नाही.

मग काकांनी हातचाक हलकेच उलटं फिरवलं. चाक फिरलं! सुईचा दांडा वरखाली झाला, पण खाली दोऱ्याचा फास उचलणारा हुक जागचा हलला नाही. मला वाटलं आतलं काही तुटलं. काकांनी मान हलवली. जड कामाच्या बऱ्याच मशिनांत हुकाच्या दांड्यावर एक सुरक्षेचा क्लच बसवलेला असतो. हुक कशात तरी अडकला की हा क्लच आपणहून सुटतो. वरचं मशीन फिरत राहतं आणि खालचा नाजूक हुक ताणाखालून मोकळा होतो. अडथळा काढून झाला की मशीनच्या अंगावरची छोटी कळ दाबून धरायची आणि चाक उलट दिशेने ठामपणे फिरवायचं. खट्ट असा आवाज येतो आणि जोडणी पुन्हा जागेवर बसते. सुई आणि हुकाचा मेळ जसा होता तसाच राहतो. ज्या कारागिरांनी ही रचना केली त्यांना माहीत होतं की मशीन कधी ना कधी अडकणारच. त्यांनी ते आणखी दणकट केलं नाही, त्याला सुटायला शिकवलं. या एका कल्पनेसमोर मला दरवेळी हात जोडावेसे वाटतात.

अडथळा मात्र शोधावा लागतो, आणि शोधायचा तर टाका कसा पडतो ते डोळ्यांसमोर असावं लागतं. दोरा ओवलेली सुई कापडातून खाली जाते. तळाला टेकून ती दोन-अडीच मिलिमीटर वर येते तेव्हा कापडाच्या घर्षणामुळे दोरा तिच्याबरोबर वर येऊ शकत नाही. तो बाजूला फुगतो आणि त्याचा इवलासा फास तयार होतो. नेमक्या त्या क्षणी हुकाचं टोक तिथे पोचलेलं असतं. सुई आणि हुकाच्या टोकामधलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. टोक त्या फासात शिरतं, फास मोठा करतं आणि बॉबिनच्या भोवती पूर्ण फिरवून आणतं. म्हणजे वरचा दोरा प्रत्येक टाक्याला खालच्या दोऱ्याच्या अख्ख्या बॉबिनला प्रदक्षिणा घालतो. मगच वरची दांडी त्याला खेचून घेते आणि दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात बसते.

यातलं आश्चर्य पुढे आहे. दोरा बॉबिनच्या भोवती सर्व बाजूंनी फिरायचा असेल तर बॉबिन केस कशालाही घट्ट जोडलेली असून चालणार नाही. जिथे जोडाल तिथे दोरा अडेल. म्हणून ती केस हुकाच्या पोटात सुटीच बसलेली असते. हुक तिच्याभोवती गरगरतो आणि एक छोटं बोट तिला फक्त बरोबर फिरू देत नाही. भरतीत नांगराच्या दोराला थोडी ढील ठेवलेली होडी खाडीत जशी राहते, तशी ही केस राहते. बोट आणि केस यांच्यात जी जागा असते तिच्यातून दोरा निसटतो. काही मशिनांत तर एक कळ दर टाक्याला केसला किंचित बाजूला सारते, दोऱ्याला वाट देते आणि मागे होते. लोखंडाचं एवढं मोठं धूड केसाएवढ्या मोकळ्या जागांवर चालतं. मशीन अडकतं तेव्हा यातली एखादी जागा बुजलेली असते. दुरुस्ती म्हणजे ती शोधून मोकळी करणं. याहून मोठी व्याख्या मला सापडलेली नाही.

आमच्या मशीनमध्ये ती जागा हुकाच्या मागच्या खाचेत बुजली होती. कोपऱ्यातल्या घड्यांवर सुई किंचित वाकली, हुकाला घासली, तिचं टोक मोडलं. टोकासकट सुटा दोरा हुकाबरोबर मागे ओढला गेला आणि खाचेत पाचरीसारखा ठोकला गेला. काकांनी रॉकेलचा थेंब सोडला, थोडं थांबले, चाक पुढेमागे बोटभर डोलवलं. चिमट्याला दोऱ्याचं टोक लागलं. एकदम न ओढता, डोलवत, सैल होईल तेवढंच घेत, त्यांनी काळा पडलेला सगळा दोरा बाहेर काढला. त्याच्यामागून सुईचं टोक निघालं. मोडलेली सुई दिसली की तिचे सगळे तुकडे हाती येईपर्यंत मशीन चालवायचं नाही, हा नियम शिवणाऱ्या प्रत्येकाने पाळावा.

नंतर हुकाच्या टोकावरून त्यांनी नायलॉनचा दोरा हळूच ओढून पाहिला. तो एका जागी अडखळला. तिथे डोळ्यांना न दिसणारी कोर उठली होती. बारीक पॉलिश पेपरने ती कोर तेवढीच पुसली. टोकाची धार बोथट होऊ द्यायची नाही, कारण त्याच धारेने फास उचलायचा असतो. तेल दिलं, 22 नंबरची नवी सुई लावली, तिच्या पाठीची खाच हुकाकडे आहे ना ते पाहिलं, कळ दाबून क्लच बसवला. रद्दी ताडपत्रीवर टीप टाकली आणि दोन्ही बाजू उन्हात धरल्या. खालून वरच्या दोऱ्याचे फास लोंबत असतील तर वरचा ताण कमी आहे. वर खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसत असतील तर वरचा ताण जास्त आहे. दोन्ही अंगं सारखी दिसली की गाठ मध्ये बसली.

जयगडात मशीन टिकवायचं तर समुद्राशीही बोलणी करावी लागतात. वाऱ्याबरोबर येणारं मीठ लोखंडावर बसतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आणि पाऊस नसतानाही लोखंडावर पाण्याचा अदृश्य थर राहतो. त्या थरातून गंज उगवतो. आठ दिवस न चाललेल्या मशीनचा हुक इथे तांबूस होतो. म्हणून काम नसलं तरी चाक फिरवायचं, पांढऱ्या तेलाचा थेंब द्यायचा, सुया तेलकट कापडात गुंडाळून डब्यात ठेवायच्या. यातलं काहीच अवघड नाही, फक्त रोजचं आहे.

या खाडीला जाड कापड शिवणं नवं नाही. शास्त्री नदीच्या मुखावरचा जयगडचा किल्ला कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं होता, आणि आरमार म्हणजे शिडं. 1818 साली किल्ला इंग्रजांकडे गेला, तरी मचव्यांची शिडं पुढे दीर्घकाळ या पाण्यावर दिसत राहिली. ती दाभणाने, मेण लावलेल्या सुतळीने, हातांनी शिवली जात. वाऱ्याचा ताण सोसणारी शिवण घालणारे ते हात कोणाचे, हे कुठल्या बखरीत सापडत नाही. पुढे मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या आगबोटी जयगडला थांबू लागल्या आणि चाकरमान्यांच्या सामानातून शिवणयंत्रं कोकणच्या घरांत उतरली. सुईचं नेढं टोकाशी आणून दोन दोऱ्यांचा टाका घालणाऱ्या मशीनचं पेटंट इलियास होव यांनी अमेरिकेत 1846 साली घेतलं, तर फिरत्या हुकाचं ॲलन विल्सन यांनी 1851 साली. आमच्या पडवीतला हुक त्याच वंशातला.

यंत्रांच्या हव्यासाला विरोध करणाऱ्या गांधीजींनी 1924 सालच्या एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राला मुद्दाम अपवाद केलं होतं. असं यंत्र बनवायला कारखाना लागेल हेही त्यांनी मान्य केलं होतं. माणसाचे कष्ट हलके करणारं आणि त्याला बेकार न करणारं यंत्र त्यांना हवं होतं. मला त्यात एक अट जोडावीशी वाटते. ते यंत्र वापरणाऱ्याला उघडता आलं पाहिजे. नाहीतर ते बंद पडतं त्या दिवशी त्याच्यावर पोट असलेली बाई पुन्हा दुसऱ्या कोणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून बसते. जयगडहून रत्नागिरीला मशीन न्यायचं तर गाडीभाडं, मजुरी आणि बुडालेला रोज, सगळं तिच्याच पदरात पडतं.

आज मशीन मिळणं पूर्वीइतकं कठीण नाही. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. बचतगटांतून मशिनं घरोघर पोचतात. पण शिवणवर्गांत मुलींना पट्टीने कटिंग शिकवतात, गळे आणि बाह्या शिकवतात, आणि प्लेटखाली काय आहे ते बहुतेक वेळा दाखवतच नाहीत. मशीनचं पोट म्हणजे मिस्त्रीचं काम, अशी एक भीती लहानपणीच बसते. ती भीती निराधार आहे. एक पेचकस, चिमटा, ब्रश, तेलाची बाटली आणि टाका कसा पडतो याची समज, एवढ्यावर नेहमीच्या अडचणींपैकी पुष्कळशा घरीच सुटतात.

म्हणून शिवणवर्ग चालवणाऱ्या सगळ्या ताई-दादांना माझी विनंती आहे. पहिला धडा कापडाचा देऊ नका. पहिल्या दिवशी वीज बंद करून प्लेट उघडा, बॉबिन केस बाहेर काढा, प्रत्येक मुलीला हाताने चाक फिरवू द्या आणि वरचा दोरा खालच्या बॉबिनला प्रदक्षिणा कशी घालतो ते तिच्या डोळ्यांनी पाहू द्या. जिने ते एकदा पाहिलं ती अडकलेल्या मशीनवर जोर करणार नाही, आणि घाबरणारही नाही.